मुकादम शेवटी पाणी पितो

माझा नवरा केळीच्या ट्रकमागे कोसळला तेव्हा त्याच्या खांद्यावर घड होता. घड त्याने अलगद खाली ठेवला आणि मग पडला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. मी पाण्याचा जार तिरपा केला. त्यात पाणी नव्हतं.

तो आमच्या केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याचे, ख्रिस्ती. जळगावजवळ असोद्याच्या बागांत कामाला येतो. इतर मुकादम बांधावर बसून हाका मारतात, हा स्वतः घड वाहतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग टोळीच्या आधी पाणी प्यायला मी कोण, असं त्याचं म्हणणं. म्हणून सगळ्यांना पाजून तो शेवटी पितो. घरीही तेच. मला वाढून मग स्वतः जेवतो, भांडी घासतो. सुनेच्या बाळंतपणात अंघोळीचं पाणी त्यानेच तापवलं. शेजारणी हसायच्या. मी म्हणायचे, हसा, तुमचे नवरे खाटेवर बसून पाणी मागतात.

टोळीतला सर्वांत जुना माणूस म्हणजे नाना. तो आमच्या धर्माचा नाही. आज भांडी झाली का मुकादम, की धुणंही आहे, असं रोज विचारायचा. धुणं संध्याकाळी, असं नवरा शांतपणे सांगायचा.

त्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं आणि दुसरा जार आणणारा टेम्पो आलाच नाही. नवऱ्याने सगळ्यांना पाजलं, जार संपला, आणि कुणाला न सांगता तो पुन्हा घड उचलायला गेला. तू प्यालास का, हे आम्ही कुणी विचारलं नाही. शेवटी पिणाऱ्याला कोण विचारतं?

नानाने त्याला घडासारखा खांद्यावर टाकला आणि बागेच्या सावलीत नेला. ठिबकच्या पाण्यात खत सोडतात, म्हणून ते आम्ही पीत नाही. नानाने विळ्याने ठिबकची नळीच कापली आणि ते पाणी त्याच्या अंगावर धरलं. मालक ओरडेल, असं कुणीतरी म्हणालं. ओरडू दे, नाना म्हणाला. वीज होती, पंप चालू होता, ही देवाची दया. मी केळीच्या पानाने वारा घातला. मग ट्रकवाल्याने त्याला नि आम्हाला घेऊन अर्धा भरलेला ट्रक तसाच जळगावच्या दवाखान्याकडे काढला.

दवाखान्यात नवऱ्याला शुद्ध आली तेव्हा नाना ओल्या फडक्याने त्याचे पाय पुसत होता. नवऱ्याने पाय ओढून घेतले. "नाना, राहू द्या. तुम्ही मोठे."

"तू आम्हले बठ्ठासले पाजस, तवय आम्ही गुपचूप पितस ना?" नाना म्हणाला. "आते तू गुपचूप पड."

नवऱ्याने मग पाय ओढले नाहीत. मी इतकी वर्षं सांगून जे झालं नाही, ते नानाच्या एका फटकाऱ्याने झालं.

आता जार आला की नाना पहिला पेला नवऱ्याच्या हातात देतो. तो कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून पितो, मग बाकीच्यांना वाटतो. भांडी अजून तोच घासतो. मी चारच बुकं शिकलेली, उपदेश मला फार कळत नाही. पण असा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. आता नानालाही त्यात धरते.

माझा नवरा वाचला. नाना आणि तो आजही असोद्याच्या बागेत घड वाहतात.