कमानीवरची पाच नावं

आमच्या गावात गावाचं आडनाव लावणारं एकही घर नाही. मतदारयादी बघितली तरी सापडत नाही. गावाच्या नावापुढे 'कर' जोडतो तो गाव सोडून गेलेला माणूस. जो इथेच राहिला त्याला कुणी विचारतच नाही, तू कुठला म्हणून. ही साधी गोष्ट मी वर्गात मुलांना आडनावांचा धडा शिकवताना दर वर्षी सांगत होतो. आणि तरीही त्या कमानीचा मजकूर मीच लिहिला.

सरपंच चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेले होते. येताना वाटेतल्या कुठल्याशा गावाच्या वेशीवर त्यांनी सिमेंटची कमान पाहिली, तिच्यावर त्या गावच्या थोर माणसांची नावं होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले.

"सर, आपल्या गावानं काय कमी थोर माणसं दिली का?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "कोण दिली?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. आमच्या गावाचं नाव टाकून त्यांनी शोध घेतला होता आणि पाच माणसं निघाली होती. एक शास्त्रीय गायिका, एक निवृत्त बडा अधिकारी, राज्याच्या संघातून दोन सामने खेळलेला एक क्रिकेटपटू, अमेरिकेतला एक डॉक्टर आणि सिनेमात इन्स्पेक्टरची कामं करणारा एक नट. पाचही जणांचं आडनाव आमच्या गावाचं.

"ह्या नावाची गावं राज्यात चार-पाच तरी असतील," मी म्हणालो.

"असतील. पर त्यांनी कमान बांधली न्हाई ना अजून."

यावर मला हसू आलं. हसलो तिथेच मी अर्धा सामील झालो. राहिलेला अर्धा, "तुमच्याइतकं शुद्ध लिहिणारं गावात हाय कोण?" या वाक्यावर झालो. वीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

नावं रंगवायला आमचे पेंटरचाचा होते. घरात उर्दू बोलणारे हे चाचा गावातली प्रत्येक मराठी पाटी लिहीत आलेले. दुकानं, दवाखाना, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, बुद्धविहाराची पाटी, सगळं त्यांच्या हातचं. शिडीवर उभं राहून दुसरं नाव रंगवताना त्यांनी खाली बघून मला विचारलं, "सर, ह्या पाचातला एक तरी माणूस आपल्या गावात आल्ता का?"

"त्यांचे पूर्वज इथले असतील."

"मंग पूर्वजांची नावं लिहू ना."

"ती कुणाला माहीत नाहीत, चाचा."

"आमच्या पूर्वजांची माहीत हायत. सहा पिढ्यांच्या कबरी हायत इथं," ते म्हणाले आणि अक्षराची वेलांटी पूर्ण करायला वळले. बोलण्यात राग नव्हता. मी मात्र उगाच कागदावरची नावं पुन्हा तपासत बसलो.

कमान झाली तशी उद्घाटनाला त्या पाचांपैकी कुणीतरी हवं असं ठरलं. फोन मीच लावले. अधिकाऱ्यांच्या घरून पंधरा दिवस रोज 'साहेब बाहेर आहेत' असं उत्तर आलं. डॉक्टरांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. क्रिकेटपटूला वाटलं मी विमा विकतोय. नटाने फोन उचललाच नाही. गायिकाबाई मात्र लगेच हो म्हणाल्या. पुण्यात राहायच्या, सत्तरी उलटलेली. "मला माझं गाव बघायचंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "गाव आपली वाट पाहत आहे."

कार्यक्रमाला निम्मं गाव जमलं. सरपंचांनी फेटा बांधला होता. एरवी ग्रामसभेला कोरमपुरतीही न जमणारी माणसं पहिल्या रांगेत बसायला भांडत होती. ज्यांनी आयुष्यात गाण्याचा एक सूर शांतपणे ऐकला नाही ते बाईंच्या पाया पडून फोटो काढून घेत होते. बाईंचं गाणं कुणी ऐकलं होतं म्हणाल तर कुणीही नाही. मीही नाही.

मग मानपत्र आलं. ते सरपंचांनी वाचायचं होतं. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, आणि कागद सरळ बाईंच्याच हातात दिला. बाईंनी तो मोठ्याने वाचायला घेतला. "याच मातीत आपल्या घराण्याची पाळंमुळं रुजली. इथल्या नदीच्या खळाळात आपल्या सुरांचा उगम आहे." इथे त्या थांबल्या.

"नदी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आमच्या गावाला एक नाला आहे. त्यात पाण्यापेक्षा बाभळी जास्त दिवस असतात.

"आजोबा सांगायचे, गाव डोंगरात आहे," बाई माईकवरच म्हणाल्या. "दारात फणसाची दोन झाडं होती म्हणे. इथे फणस होतो का?"

मागून एक शेतकरी प्रामाणिकपणे म्हणाला, "मोसंबी व्हती."

लोक हसले. बाईही हसल्या, पण मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "मला वाटतं, तुमचं आणि माझं गाव वेगळं आहे. तुम्ही प्रेमाने बोलावलंत, मी आले. पण हे जे लिहिलंय ते खरं नाही. कोणी लिहिलं हे?"

सरपंच म्हणाले, "कमिटीनं."

कमिटी नव्हतीच. मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात निवेदनाचा कागद धरून उभा होतो. मुलं खोटं बोलली तर पट्टी उगारणारा मी, त्या क्षणी बुटांकडे बघत राहिलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फोनवरचा आवाज त्यांनी ओळखला असणार, गाणाऱ्या माणसाचे कान ते. मग त्यांनी नारळ घेतला, शाल घेतली आणि उन्हं कलायच्या आत जालन्याला स्टेशनकडे निघून गेल्या.

खुर्च्या उचलताना पेंटरचाचा माझ्याजवळ आले. "हात वर करायचा होता सर," एवढंच म्हणाले.

मला वाटलं होतं, निदान एक नाव तरी खोडलं जाईल. दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत जाऊन तसं बोललो. सरपंच चहा पीत होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "रस्त्यानं जाणारा माणूस थांबून विचारून राह्यला का, बाई इथल्या हायत का न्हाई ते?"

"पण त्या स्वतः माईकवर सांगून गेल्या."

"म्हाताऱ्या माणसाला आठवत न्हाई, सर."

त्यांनी टेबलावरचा पेपर माझ्याकडे सरकवला. गावच्या लेकीला माहेरी आल्यावर अश्रू अनावर झाल्याची बातमी फोटोसकट छापली होती. पहिल्या रांगेतले सगळे चेहरे फोटोत बरोबर आले होते. बाईंच्या तोंडापुढे फक्त कुणाचातरी हात आला होता. ती बातमी गावात आठवडाभर फिरली. जे समोर बसून बाईंचं बोलणं ऐकत होते तेही चार दिवसांत म्हणू लागले, बाई फार रडल्या हो.

मी काय केलं? काहीच नाही. फार तर त्या कमानीखालून जाताना मोटारसायकलचा वेग वाढवायला लागलो.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाईंचा फोन आला. मी नाव सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "मानपत्राचे लेखक का?"

मी हो म्हणालो. उशिरा का होईना, कबूल केलं. माफीही मागितली. ती त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मी कोकणातल्या त्या गावी जाऊन आले. नदी आहे, डोंगर आहे, फणसही आहेत. आजोबांचं घर कुठलं ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही."

"तरी गाव सापडलं ना, बाई."

"सापडलं. वेशीवर कमान आहे. तिच्यावर माझं नाव आहे, तुमच्या त्या अधिकाऱ्याचं आहे आणि इन्स्पेक्टरचंही आहे." मग म्हणाल्या, "त्यांनी माझ्या नावात वेलांटी चुकवलीये. तुमच्याकडे शुद्ध होतं."

खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं. छाती जराशी फुगलीसुद्धा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सरपंच फेटा बांधून खुर्चीत बसले होते तेव्हा त्यांना जे वाटलं असेल, ते हेच.