पाणी आलं, पण बटण कुणी दाबलं नाही

माझी लेक पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तेव्हा तिचं नेमकं काम काय हे मी तिला तीनदा विचारलं. "लोकांना ॲप वापरता येतं का ते बघायचं," एवढंच ती सांगायची. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणी करतो. टॉवेल ओढून बघायचा, धुऊन बघायचा, धागा निघाला तर बाजूला काढायचा. माणसं कशी धुऊन बघणार, ते कळेना.

मग एका शनिवारी ती आमच्याच गल्लीची तपासणी करायला सोलापुरात आली.

ॲप पाण्याचं होतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि यायची वेळही पक्की नसते. ज्याच्याकडे आधी येईल त्यानं "पाणी आलं" हे बटण दाबायचं, की बाकीच्यांच्या फोनवर घंटा वाजणार. कल्पना लेकीची. तिच्या साहेबाचं मत होतं की लोकांना बटण सापडणारच नाही, काढून टाका. लेकीची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती आणि स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. सोमवारी तिला निकाल दाखवायचा होता.

तिनं मला आणि तिच्या आईला आधीच दम दिला. "कुणाला मदत करायची नाही. मान हलवायची नाही. 'हं' सुद्धा म्हणायचं नाही. ॲपची परीक्षा आहे, माणसाची नाही."

समोरचे निवृत्त बँक अधिकारी पहिले आले. फोन हातभर लांब धरून त्यांनी पडदा वाचला आणि बटण दाबलं. "उत्तम!" म्हणाले. "आपल्या मुलीनं केलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही." त्यांना वर काजूही मिळाले.

मग शेजारच्या वहिनी. त्या जरा अडखळल्या तशी स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "खालचं निळं दाबा की!"

"आई!"

"मी कुठं काय बोलले? मी भाजीला बोलले."

लेकीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "काकू, समजा, तुमच्या नळाला आत्ता पाणी आलंय. तर तुम्ही काय कराल?"

"आलं?" वहिनी उठल्या आणि चपला आमच्याच दारात सोडून पळाल्या. थोड्या वेळानं परत आल्या त्या चिडूनच. "पाण्यावरनं असली चेष्टा करू नये गं. मी पिंपातलं जुनं पाणी ओतून टाकलं ना!"

पुढच्या वेळी त्यांना बटण सापडलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर ॲप आलं आणि बटणही सगळ्यांना सापडलं. लेक खूश होती. मला मात्र चैन पडेना. आमच्याकडे टॉवेलच्या अख्ख्या गठ्ठ्यात एकही दोष निघाला नाही, तर टॉवेल चांगले होते असं कुणी मानत नाही. तपासणारा झोपला होता असं मानतात. तिला तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी टॉवेल नाही."

रविवारी सकाळी खरंच पाणी आलं.

हिनं मोटार लावली. नळाला थेट मोटार लावायची नसते. मी नियमांचा माणूस आहे, त्यामुळे मोटारीचं बटण मी कधीच दाबत नाही. ते ही दाबते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मोटारीवर एक जुनी सोलापुरी चादर टाकलेली असते. आमच्या गल्लीत प्रत्येक मोटारीवर चादर असते. विचारलं तर सांगतात, धूळ बसते.

लेक फोनवर चित्रण करत मागे मागे. "आई, ॲपचं बटण दाब ना!"

"टाकी भरू दे आधी."

"अगं, पण बाकीच्यांना कळायला नको?"

"कळलं की सगळे मोटारी लावणार. मग वर पाणी कोण चढवणार? तुझं ॲप?"

समोरच्या गच्चीवर बँकेचे साहेब टाकीत पाइप धरून उभे होते. "काका, दाबलं का?" लेकीनं इथूनच विचारलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

कुणाच्याही फोनची घंटा वाजली नाही. लेक पायरीवर बसली. "सगळ्यांना सापडलं, बाबा. दाबलं कुणीच नाही. उद्या काय दाखवू?"

"जे बघितलंस ते. गठ्ठा परत गेला तरी दोष लपवायचा नसतो."

"तो गठ्ठा माझा आहे."

"म्हणूनच."

तेवढ्यात टाकी भरून वाहू लागली. हिनं पदराला हात पुसला. "आण इकडे तो फोन. आता दाबते." तिनं दाबलं. जरा वेळानं वहिनींच्या घरून घंटा आली, मग बँकेच्या साहेबांकडून, मग एकामागून एक. ज्याची टाकी भरेल, तो दाबत होता.

लेक ताडकन उठली. "आई, बटणावर 'पाणी आलं' ऐवजी 'आमची टाकी भरली' असं लिहिलं तर?"

"ते कोण लपवेल? उलट सांगायला बरं वाटतं." ही मोटार बंद करत म्हणाली. "आणि टाक्या भरल्या की मोटारी थांबतात. चढावरच्या गल्लीला तेव्हाच तर पाणी मिळतं. त्यांना घंटा तेव्हाच हवी."

हे सगळं चित्रण तसंच घेऊन लेक दुपारच्या गाडीनं गेली. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. जुनं बटण निघालं. तिच्या साहेबाचं तेवढं खरं झालं, कारण मात्र त्याचं चुकलं. नवं बटण बसणार आणि पुढच्या गावाची तपासणीही तिच्याकडेच. नोकरी पक्की झाल्याचं पत्र या महिन्यात मिळेल, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं.

मी काही बोलायच्या आत हिनं फोन ओढून घेतला. "ते सगळं राहू दे. मोटारीवरची चादर दिसली नाही ना त्या चित्रणात?"

"दिसली की. सगळ्यांनी तेवढंच दोनदा दाखवायला लावलं."