दुसरा चटका

नस दम खाते, हे मी पेशंटना रोज सांगायची. मनगटावर विजेचा बारीक चटका दिला की अंगठा उडतो आणि पडद्यावर लाट उठते. लगोलग दुसरा दिला तर नस ऐकतच नाही, तिला पळभर विसावा लागतो. निरोगी माणसाचा हा विसावा एवढासा, की दोन चटक्यांमधलं अंतर जरा वाढवलं की दुसरी लाट पहिलीइतकीच उंच उठते. विष भिनलं असेल तर ती बुटकी राहते. यवतमाळला दवाखान्यात हेच मोजायचं माझं काम होतं. मला स्वतःला मात्र विसावा ठाऊक नव्हता. "हिच्या पायाले भिंगरी हाय," असं वॉर्डातल्या बाया म्हणायच्या.

कापसाची ती वर्षं वाईटच गेली. अळी मरेना म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारायचे आणि आमच्या खाटा भरायच्या. त्याच दिवसांत वहिनीनं माझ्या थोरल्या भावाला दिग्रसहून एसटीत घालून आणलं. दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"अवं पन यानं फवारनी केलीच नाही!" वहिनी ज्याला त्याला सांगत होती.

ते खरं होतं. दादा फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. पण नोझल तुंबलं की ते ओठात धरून फुंकायचं, ही तिथल्या सगळ्याच मिस्त्र्यांची रीत. दुकानापुढे पंपांची रांग लागलेली, तार घालून साफ करत बसायला वेळ कोणाला? चूळही न भरता वरून चहा.

इंजेक्शनं लागू पडली. एक-दोन दिवसांत गडी उठून भांग पाडायला लागला. "मले काहून डांबून ठेवलं? भर सीझनमंदी दुकान बंद हाय." डॉक्टरीणबाईंनाही तो बरा वाटला. सोडायचं ठरतच होतं, पण मला चैन पडेना. म्हटलं, एकदा नस बघू द्या.

"सख्ख्या भावाले चटके देतं का वं बाई?"

"गुमान पड."

पहिली लाट चांगली उंच उठली. दुसरी बुटकी. मी पट्ट्या बदलल्या, दुसरा हात घेतला. तेच. मशीनच बिघडलंय असं म्हणत त्याच मशीनवर माझं मनगट लावलं, तर दोन्ही लाटा सारख्या. मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

त्या म्हणाल्या, थांबावं लागेल. झालं, दादा भडकला. "त्या रेघेवरून मले बिमार ठरवता? माहे हातपाय मले समजत नाही का?" पिशवी उचलली आणि तरातरा फाटकाबाहेर. मी मागोमाग. चहाच्या टपरीवर आमचं असं जुंपलं की लोक बघायला लागले. एसटीआधी चहा घेतो म्हणाला. कप तोंडाशी नेला आणि फुंकर घातली, पण वाफ जागची हलली नाही. परत फुंकलं. ओठ नुसतेच थरथरले.

"मान काहून जड होऊन राह्यली वं?" एवढं बोलला आणि त्याची हनुवटी छातीवर टेकली.

मी किंचाळले. टपरीवाल्यानं आणि मी त्याला उचलून आत नेलं. थोड्याच वेळात त्याच्या घशात नळी गेली आणि श्वास मशीन घ्यायला लागलं.

मग रोज सकाळी मी त्याची नस मोजायची. त्याचे डोळे मिटलेले, अंग मऊ पडलेलं. वहिनी हात जोडायची, "नको देऊ वं चटके, त्यानं काय बिघडवलं तुहं?" मी तिच्यावर खेकसायची, "मले का हौस हाय?" आणि वऱ्हांड्यात जाऊन येरझाऱ्या घालायची. त्याच्याशी मात्र एक शब्द बोलत नव्हते. बोलले असते तर तिथंच भोकाड पसरलं असतं. दुसरी लाट कधी कणभर वाढायची, कधी पुन्हा खाली.

शेवटी एका सकाळी दोन्ही लाटा बरोबरीनं उठल्या. मी मशीनलाच हात जोडले. पुढं नळी निघाली, दादाला आवाज फुटला, घोगरा. मी खाटेशी बसले.

"लय चटके देल्ले ना मी तुले? राग आला असन."

"राग कायचा?" तो थांबत थांबत म्हणाला. "डोये उघडत नोयते. ऐकू सारं ये, पन तू तं बोलतच नोयती. चटका बसला का समजे, बाई आली." जरा दम घेऊन म्हणाला, "पहिल्या चटक्यानंतर भेव वाटे, गेली का काय ही? दुसरा बसला का जीव थंडा होये."