दोन डाव्या बाह्या

टेलरमास्तरांना दुसऱ्याच्या पोटाचा भारी तिटकारा. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावली, की आकडा दुकानभर ऐकू जाईल असा सांगायचे आणि वर, "जरा तोंडाला कुलूप घाला, साहेब," हा फुकटचा सल्ला. स्वतःचं पोट मात्र टेबलाच्या कडेवर ठेवून कात्री चालवायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! मागच्या खोलीत जन्मभर काजं-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोला या शहाणपणाचा वीट आला होता.

मुलीचं लग्न ठरलं. होणारे व्याही दुकानात आले आणि मास्तरांकडे बघून हसत म्हणाले, "तुमचं माप घ्यायला दोन टेपा जोडाव्या लागत असतील." झालं. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुलीच्या लग्नाच्या कोटासाठी निळ्या ताग्यातला शेवटचा तुकडा राखून ठेवला होता. त्यातून मास्तरांनी आधी स्वतःचाच कोट बेतला, तोही अजून न झालेल्या बारीक मापाचा. पुढेमागे सैल करायला शिवणीत बोटभर कापडसुद्धा ठेवलं नाही.

"राहिलेल्यात पोरीचा बसतो," म्हणाले.

मग कीटो नावाचं नवं पथ्य सुरू झालं. भात, पाव, बटाटा, साखर बंद. अंडी, लोणी आणि चीज तेवढं चालू. थोड्याच दिवसांत मास्तर शिळ्या भाजीसारखे मलूल झाले. डोकं जड, पोटऱ्यांत गोळे, जिना चढताना मध्येच बसकण. बायकोची बहीण दवाखान्यात नर्स. तिनं येऊन रक्तदाब बघितला आणि सांगितलं, "भावोजी, या खाण्यानं सुरुवातीला अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं. त्याचा थकवा आहे. मीठ घातलेलं सूप प्या, दोन दिवस आराम करा."

"मीठ पाणी धरून ठेवतं," मास्तर म्हणाले. "मला उतरायचंय, फुगायचं नाही."

शरीराची विद्याही यांनी कापडाच्या दुकानातच शिकलेली. बायकोनं कपाळावर हात मारला.

"अहो, निदान पोरीचा कोट आज कापू नका. डोळे मिटतायत तुमचे."

"झोपेत कापीन मी."

आणि तसाच कापला. कापड अपुरं, त्यामुळे दुहेरी घडी बसेना. एकेक बाही वेगळी कापावी लागली. दुसरीच्या वेळी कागदी साचा उलटा करायचा असतो, हे शिकाऊ पोरालाही कळतं. मास्तरांनी तो तसाच ठेवला, खडू ओढला, कात्री चालवली आणि टेबलावरच डोकं टेकून घोरायला लागले. बायको अस्तर लावायला बसली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

मुलगी संध्याकाळी कोट घालून बघायला आली. तिनं ते तुकडे हातात धरले, एकावर एक ठेवून बघितले. मग म्हणाली, "असू दे बाबा. मी तयार कोट घेते बाजारातून."

टेलरच्या लेकीनं लग्नात तयार कोट घालायचा! बायकोला खूप बोलायचं होतं. तिनं फक्त खुंटीकडे बघितलं. तिथे मास्तरांचा निळा कोट होता. त्याची बटणं आता लागायला लागली होती.

मास्तरांनीही तिकडेच बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सूप मागितलं, मीठ घालून. प्याले, झोपले, सकाळी उठून डोळ्यांवर पाणी मारलं आणि स्वतःच्या कोटाची उजवी बाही उसवली. तिच्यातून मुलीची बाही कापली. या वेळी साचा दोनदा तपासला.

लग्नात मास्तर जुन्या कोटात उभे होते. तो त्यांच्या अंगावर गोणीसारखा लोंबत होता. व्याह्यांनी त्याची बाही चिमटीत धरली आणि चारचौघांत विचारलं, "हे माप कुठल्या टेलरनं घेतलं हो?"

बायकोला वाटलं, आता हे दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगणार.

"मीच," मास्तर म्हणाले.

बायको वळली आणि मुलीची उजवी बाही खांद्यावर नीट करू लागली. ती आधीच नीट होती.