कापलेली बाटली

माझं शिक्षण चौथीपर्यंतच, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येईल, शब्दही चुकतील, त्याची माफी असावी. आज सोसायटीचा जिना झाडताना धूळ नाकात गेली आणि मुलगी दुसरीत असतानाचा तो दिवस आठवला. तिला दमा होता. पंप थेट तोंडात मारला की औषध घशातच राहायचं, म्हणून डॉक्टरांनी पाण्याची बाटली कापून बाटलीच्या बुडाला पंप बसवायला आणि बाटलीच्या तोंडातून औषध ओढायला शिकवलं होतं. शाळेतल्या बाईंना मी ते दाखवूनही आले होते. पण स्वच्छतेच्या तपासणीआधी वर्ग झाडून घेताना बाईंनी ती बाटली दप्तरातून काढून कचऱ्यात टाकली, आणि त्याच धुळीने पोरीला धाप लागली. हातात पंप होता, पण औषध आत जाईना. मी सानपाड्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या तोंडाला वाफेचं मशीन होतं, ओठ निळे पडलेले. "अहो मावशी, दप्तरात असलं भंगार कोण देतं?" बाई म्हणाल्या. "तपासणीवाल्यांनी बघितलं असतं तर?" "बाई, तुमाला दाखवलं होतं," मी एवढंच बोलले. "एवढ्या पोरांचं काय काय लक्षात ठेवू? रिक्षाचे, दवाखान्याचे पैसे मीच भरलेत, ते विसरू नका." पालकसभेतही त्यांनी पैसे आपण भरल्याचंच सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी खाली बघत बसले. पोरगी आता खारघरला कॉलेजला जाते, माझा राग मात्र तसाच आहे. त्या सभेनंतर पगाराच्या दिवशी मी रिक्षाचे, दवाखान्याचे सगळे पैसे बाईंच्या टेबलावर ठेवले होते. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या. त्यांनी शेवटची नोट मोजून पर्समध्ये टाकेपर्यंत मी तिथून हलले नाही.