काटवलाचा वेल

बेसा भागात माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं घर शेजारी शेजारी आहे. मधे छातीएवढी भिंत. धंतोलीच्या दवाखान्यातून ऑपरेशन करून मामाजी, म्हणजे आमचे सासरे, माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. एक दिवस म्हणाले, "काटवलाची भाजी असती तर दोन घास गेले असते."

काटवल हा रानातला वेल. पावसाळ्यात झुडपांवर आपोआप चढतो, त्याला हिरवी, मऊ काट्यांची फळं लागतात. दिरानं गावच्या शेताच्या बांधावरून दोन कंद खणून आणले. मोठा मी उचलला, लहान जावेनं घेतला.

माझा वेल बघता बघता गच्चीपर्यंत गेला. पिवळ्या फुलांनी भरून जायचा. पण फुलं गळायची, फळ एकही धरेना. तिचा वेल किरकोळ, पण फळांनी वाकलेला. पहिली भाजी ती वाटीत घेऊन आली. मामाजींनी कित्येक दिवसांनी पोटभर भाकर खाल्ली आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "धाकटीच्या हाताले गुण आहे गा."

ते वाक्य मला फार लागलं. त्यांचं पथ्यपाणी, औषधं, सगळं मी करायची आणि गुण तिच्या हाताला! मी शेणखत घातलं, आंबट ताक ओतलं. हे म्हणाले, "उपटून टाक तो वेल." मी उपटला नाही. तिचा फळतो तर माझा काहून नाही, हे मला पाहायचंच होतं.

एका संध्याकाळी ती बाजारात गेली असताना मी भिंतीवरून वाकले. काटवलाची फुलं तेव्हाच उमलतात. तिच्या फुलांच्या मागं इवलीशी काटेरी गाठ होती, जणू लहानसं काटवलच. माझ्या फुलांमागं नुसता बारीक देठ. फोनवर शोधलं तेव्हा कळलं, काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. माझा नर होता. त्याला फळ धरणारच नव्हतं.

ती आल्या आल्या मी तिला गाठलं. "तुझ्या वेलाले फळं लागून राहिली ना, ती माझ्या वेलामुळं. पराग माझ्याकडचे आहेत."

ती हसत सुटली. "म्हणजे नवरदेव तुमच्याकडं अन् नवरी माझ्याकडं!"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "उन्हाळ्यात तुझ्या कंदातला एक तुकडा दे मले."

ती हातातल्या पिशवीची गाठ सोडबांध करू लागली.

"काहून वं, एवढा काय विचार करून राहिली?"

"ताई, खरं सांगू? मामाजी राहतात तुमच्याकडं. काही ठरवायचं असलं का विचारतात तुम्हाले. या वेलामुळं पहिल्यांदा त्याहीनं माझ्या हातची भाजी मागून खाल्ली. तोही तुम्हाले देऊ?"

माझा कोणी हेवा करत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. तशीच घरी आले.

उन्हाळ्यात वेल वाळले. एका सकाळी ती स्वतःच आली. मोठ्या कंदाशेजारी धरलेला लहान कंद मातीसकट हातात होता. "लावा," एवढंच म्हणाली. मी चहा टाकला, पण ती थांबली नाही.

यंदा माझ्याकडे दोन्ही वेल आहेत. पहिली काटवलं तिच्या आधी माझ्याकडे उतरली, याचा मला किती आनंद झाला ते सांगायला नको. जून बिया काढल्या, भिजवलेली चण्याची डाळ घातली, कांद्यावर खमंग परतली. मामाजींसमोर ताट ठेवून उभी राहिले.

"छान झाली," ते म्हणाले. मग दुसरा घास घेत त्यांनी विचारलं, "धाकटीकडं नाही लागली काय या वर्षी?"

भाकर आणायच्या निमित्तानं मी आत निघून गेले.