घडीवरचं बोट

रोज गणिताचा एक मास्तर माझ्या दुकानात यायचा, चादरीच्या घडीवर बोट फिरवायचा आणि काहीही न घेता जायचा. एके दिवशी एका शेठने वरची बाजू बघून ‘रंग फिकट’ म्हणत माझा अख्खा गठ्ठा परत पाठवला. मी मास्तरवरच भडकलो.

“घ्यायची न्हाय तर चुरगाळता कशाला, सर?”

“घडीच्या या टोकाला गणितात उतार काढता येत नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मग आम्ही गुळगुळीत वक्र वरून टेकवतो, खालूनही टेकवतो. नुसतं टोक दिसलं म्हणून समीकरणाचं उत्तर नाकारत नाही, दोन्हीकडून तपासतो. श्यानता-उत्तर म्हणतात त्याला.”

सोलापुरी चादर एकीकडे फिकट, तर दुसरीकडे गडद असते. शेठने ती उलटलीच नव्हती! मी गठ्ठा नेऊन त्याच्या गादीवर आपटला. “आता उलटून बघा की!”

मास्तरने अजून साधा टॉवेलही घेतलेला नाही. मी त्याला पुन्हा हटकलं नाही.